पाण्याचे जाळे : तोडणे सोपे, जोडणे कठीण



गेल्या हिवाळ्यात माझ्या नातवाला शाळेतून एक काम दिले होते. घरातल्या वडील माणसाला विचारायचे की तुम्ही आयुष्यभर कोणते काम केलेत, आणि ते एका पानावर लिहून आणायचे. तो वही घेऊन माझ्यासमोर बसला. त्याला मराठी समजते, पण उत्तर हिब्रूतच देतो. म्हणाला, "सबा, तू काय काम करायचास?"

मी म्हटलं, "मी पाणी तोडायचो आणि जोडायचो."

तो हसायला लागला. "पाणी कुठे तुटतं का?"

त्या दिवशी त्याला जे सांगितले तेच आज इथे लिहितो आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती मी वीस वर्षे फारशी कुणाला सांगितली नव्हती. नातवाला सांगितली, तर आता तुम्हालाही सांगायला हरकत नाही.

सुरुवात मुंबईपासून करतो. आम्ही जेकब सर्कलजवळच्या एका चाळीत राहत होतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना तो भाग ठाऊक आहे. मजल्यावर सगळ्यांमध्ये एक नळ. पहाटे तानसाचे पाणी यायचे आणि दोन-तीन तासांत जायचे. आई हंडा-कळशी घेऊन रांगेत उभी राहायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वरची धार बारीक व्हायची, दोघांनी सोडला की बंदच. मग माझी आई कठड्यावरून ओरडायची, "अहो, खालचा नळ जरा बंद करा हो, वर पाणी चढत नाही!" मुलांनो, मी पुढे कॉलेजात जे शिकलो ते सगळे शास्त्र त्या एका वाक्यात होते. एका नळाचे पाणी दुसऱ्या नळाशी बांधलेले असते. खालच्या माणसाला तहान लागली की वरच्या माणसाला ती कळते.

पुढे माटुंग्याला व्ही.जे.टी.आय.मध्ये हार्डी क्रॉस यांची रीत शिकलो. हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक होते, त्यांनी 1936 साली ती रीत छापली. शहरातले पाईप जाळ्यासारखे एकमेकांना जोडलेले असतात, मग कुठल्या पाईपमधून किती पाणी वाहते हे कसे काढायचे? आधी अंदाज धरायचा, मग जाळ्याच्या प्रत्येक चौकोनात फिरून दाबाची बेरीज-वजाबाकी करायची, चूक किती राहिली ते पाहायचे, अंदाज सुधारायचा आणि पुन्हा फिरायचे. हातात स्लाईड रूल, समोर चौकोनांचा कागद. चार चौकोनांच्या जाळ्याला आख्खी दुपार जायची.

1971 साली आम्ही इस्राएलला आलो. उल्पानमध्ये हिब्रू शिकलो आणि दक्षिणेकडच्या एका गावात पाणीखात्यात नकाशे काढायला लागलो. इथे एक नवीन गोष्ट कळली. मुंबईला पाणी डोंगरातल्या तलावातून उतारावरून यायचे. इथे उलटे. किन्नेरेतचे पाणी समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून खाली आहे. 1964 साली सुरू झालेल्या मोवील आर्त्सीमधून ते पंपाने वर उचलून दक्षिणेकडे आणायचे. म्हणजे नेगेवच्या नळातल्या प्रत्येक थेंबाला कुणीतरी वीज जाळून वर चढवलेले असते. हिशोब चुकला तर पाणी तरी फुकट, नाहीतर वीज तरी फुकट.

मग कॉम्प्युटर आला. 1993 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इपानेट नावाचा प्रोग्राम काढला. लुईस रॉसमन या गृहस्थांनी तो लिहिला, आणि तो कुणालाही फुकट मिळतो. 2000 साली त्याची दुसरी आवृत्ती आली, ती आमच्या ऑफिसात बसली. जे काम मी दुपारभर करायचो ते चहा थंड व्हायच्या आत होऊ लागले.

हा प्रोग्राम काय करतो ते मुलांसाठी सांगतो. पडद्यावर गावाचे पाण्याचे जाळे काढायचे. जिथे पाईप एकमेकांना मिळतात तिथे एक ठिपका, त्याला जंक्शन म्हणतात. प्रत्येक ठिपक्याला नाव द्यायचे, त्याची उंची सांगायची, आणि तिथले लोक किती पाणी वापरतात ते सांगायचे. दोन ठिपक्यांमध्ये पाईप : लांबी किती, जाडी किती, आतून किती खडबडीत. मग पंप, व्हॉल्व्ह आणि टाक्या. टाकीतले पाणी वापरले की पातळी खाली जाते, भरले की वर येते. आणि शेवटी एक खास वस्तू, तिला रिझर्व्हॉयर म्हणतात. आपण तिला तळे म्हणू. हे तळे कधीच आटत नाही. त्यातून कितीही पाणी काढा, त्याची पातळी आपण सांगू तीच राहते. मोठे सरोवर किंवा मोठी सरकारी लाईन दाखवायला ते असते. हे तळे ध्यानात ठेवा, माझी चूक त्यातच आहे.

आता तोडण्याची गोष्ट. आमच्या गावाच्या कडेला टेकडी होती आणि तिच्यावर नवीन शिखुन बांधायचे ठरले. चार मजली इमारती. जुन्या गावाचे मॉडेल आमच्याकडे होते, टेकडीचे मॉडेल मी वेगळे करायला घेतले. सगळे एकत्र ठेवले तर फाईल फार मोठी होते, आणि जुन्या गावाचे काम दुसऱ्या टेबलावर होते. म्हणून मी जाळे वेशीवर तोडले. वेस म्हणजे टेकडीच्या पायथ्याचा तो ठिपका, जिथे जुन्या गावाचा पाईप संपतो आणि नव्याचा सुरू होतो.

असे तोडले की दोन्ही तुकड्यांना एकमेकांची आठवण द्यावी लागते. देणाऱ्या तुकड्याला सांगायचे, "तुझ्या या टोकाला कुणीतरी इतके पाणी ओढते आहे." घेणाऱ्या तुकड्याला सांगायचे, "तुला या टोकाला इतक्या दाबाने पाणी मिळते आहे." मी दोन्ही केले, पण आळसाने केले. जुन्या गावाच्या टोकाला दर सेकंदाला 20 लिटरची मागणी टाकली. तो दिवसभराचा सरासरी आकडा, सकाळ-संध्याकाळचा फरक धरला नाही. आणि टेकडीच्या टोकाला एक तळे बसवले. वेशीवर एका हिवाळ्याच्या सकाळी दाब मोजला होता, तो 40 मीटर भरला. मीटर म्हणजे पाणी तितके उंच चढू शकते. तळ्याला मी 40 मीटर सांगितले.

मॉडेल चालवले. टेकडीवर सगळीकडे दाब उत्तम! आणि का नसणार? मी त्यांच्या पायथ्याशी कधी न आटणारे तळे ठेवले होते. सर्वात वरची इमारत वेशीपेक्षा 8 मीटर उंचीवर, तिची गच्ची आणखी 15 मीटर वर. म्हणजे 23 मीटर चढायचे आणि हाताशी 40. मी अहवाल लिहिला की वेगळ्या पंपाची गरज नाही. खाली माझी सही.

दीड वर्षात लोक राहायला आले. त्यांत आपलीही चार-पाच घरे होती. माझ्या बायकोची मावशी सर्वात वरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आली. हिवाळा नीट गेला. पहिल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दुपारी तिचा फोन.

"काय जावईबापू, पाणीखात्यात आहात ना? मग माझ्या नळाला पाणी का नाही?"

मी म्हटलं, "मावशी, बघतो, कुठे पाईप फुटला असेल."

"गेल्या शुक्रवारीही फुटला होता का? त्याच्या आधीच्याही?" मग जरा थांबून म्हणाली, "मुंबईची चाळ बरी होती रे. तिथे निदान पाणी किती वाजता जाणार ते ठाऊक असायचं."

मी शब्बाथ सुरू होण्याच्या आधी गाडी काढून तिच्याकडे गेलो. चार जिने चढलो. स्वयंपाकघरात कोकची मोठी बाटली पाण्याने भरून ठेवली होती. ती तळमजल्यावरच्या शेजाऱ्याकडून भरून आणली होती, वयाच्या बहात्तराव्या वर्षी चार जिने चढून. गच्चीवर दूद शेमेश भर उन्हात तापलेला, पण गरम पाणीही येईना. कारण त्या टाकीतले गरम पाणी बाहेर ढकलायला खालून नळाचे पाणी चढावे लागते. शुक्रवारी दुपारी घरोघरी आंघोळी, धुणे, स्वयंपाक. सगळे गाव एकाच वेळी पाणी ओढते. आणि माझी आई कठड्यावरून ओरडायची ते मला त्या स्वयंपाकघरात ऐकू आले.

पाईप कुठेही फुटलेला नव्हता.

रविवारी सकाळी मी दोन्ही मॉडेले पुन्हा उघडली. ऑफिसात एक तरुण इंजिनिअर बाई नुकत्याच लागल्या होत्या, रशियाहून आलेल्या. त्यांना सगळे दाखवले. त्यांनी टेकडीचे तळे पाहिले आणि विचारले, "हे तळे खरोखर कुठे आहे?" मी गप्प. त्या म्हणाल्या, "आधी दोन्ही जोडू या, मग बोलू."

जोडायला तयार बटण नव्हते. इपानेटची फाईल साध्या अक्षरांत उघडता येते, तशा दोन फाईली उघडून एकीच्या ओळी दुसरीत घालायच्या. मला वाटले तासाभराचे काम. लागले चार दिवस. कारण दोन्ही मॉडेले वेगळ्या वेळी, वेगळ्या हातांनी वाढलेली.

पहिली अडचण नावांची. दोन्हीकडे जे-12 नावाचा ठिपका. एक शाळेच्या कोपऱ्यावर, दुसरा टेकडीच्या माथ्यावर. प्रोग्राम दोन सारखी नावे घेत नाही. मी घाईने एक ओळ काढून टाकली. तर पडद्यावर एक पाईप शाळेपासून उडी मारून थेट टेकडीच्या माथ्यावर गेला! आम्ही दोघेही हसलो. मग मी त्यांना आपल्या लोकांची रीत सांगितली. कोकणात आमच्या घराघरांत तीच नावे. आजोबांचे नाव नातवाला. मग कुठला मोशे? तर पेणचा तो पेणकर, नवगावचा तो नवगावकर. नावाला गाव जोडले की गोंधळ मिटतो. तसेच केले. जुन्या गावाच्या प्रत्येक नावापुढे एक अक्षर, टेकडीच्या नावांपुढे दुसरे. ठिपके, पाईप, पंप, सगळ्यांना. पाणी वापरण्याच्या वेळांचे जे तक्ते असतात त्यांनाही, कारण दोन्हीकडे पहिल्या तक्त्याचे नाव 1 हेच होते. तसेच जोडले असते तर टेकडीवरची माणसे जुन्या बाजारपेठेच्या वेळेप्रमाणे आंघोळ करू लागली असती.

दुसरी अडचण मापांची. जुने मॉडेल सेकंदाला लिटरमध्ये, टेकडीचे तासाला घनमीटरमध्ये. सेकंदाला 1 लिटर म्हणजे तासाला 3.6 घनमीटर. टेकडीची सगळी मागणी 72 लिहिलेली होती, म्हणजे सेकंदाला 20 लिटर. भाग न देता तशीच चिकटवली तर 72 लिटर वाचली जाते, आणि निम्मे गाव कोरडे दिसते.

तिसरी, पाईपच्या खडबडीतपणाची. पाण्याचा दाब पाईपमध्ये घासून किती खर्च होतो ते काढायची दोन सूत्रे त्या दोन फाईलींत होती. जुन्यात हेझन-विल्यम्स, त्यात गुळगुळीत पाईपचा आकडा मोठा, 130 वगैरे. टेकडीच्यात डार्सी-वाइसबाख, त्यात आकडा मिलिमीटरच्या बारीक अंशात, आणि गुळगुळीत पाईपचा आकडा लहान. एका फाईलीत एकच सूत्र चालते. म्हणून टेकडीचा प्रत्येक पाईप पुन्हा भरला.

चौथी, उंचीची. जुन्या गावाची उंची समुद्रसपाटीपासून, टेकडीची मात्र बांधकामाच्या जागेवरच्या एका दगडी खुणेपासून. नकाशे घेऊन वेशीवर गेलो आणि दोन्ही उंची एका मापात आणल्या.

शेवटची आणि खरी अडचण वेशीची. तिथे मी ठेवलेल्या दोन खोट्या वस्तू काढायच्या होत्या. खोटी मागणी तशीच राहिली तर टेकडीचे पाणी दोनदा मोजले जाते. खोटे तळे राहिले तर कुठूनही न येणारे पाणी जाळ्यात शिरत राहते, आणि सगळे छान दिसते. आम्ही दोन्ही काढल्या आणि दोन ठिपक्यांचा एक ठिपका केला. मग ताळा : जुन्या गावाची मागणी 60, टेकडीची 20, एकूण 80 यायला हवी. आमची आली 100. म्हणजे खोटे 20 लिटर अजून कुठेतरी होते. ते एका पाठीमागच्या ओळीत सापडले. काढल्यावर 80 आले.

मग शुक्रवारची दुपार भरली आणि मॉडेल चालवले. गावच्या टाकीतले पाणी वेशीपेक्षा 50 मीटर उंच. साध्या वेळी वाटेत 10 मीटर दाब खर्च होतो, वेशीवर 40 उरतो. तो माझा हिवाळ्याच्या सकाळचा आकडा, बरोबर. पण शुक्रवारी त्याच पाईपांतून पाऊणेदोन पट पाणी वाहते. आणि पाईपचा स्वभाव असा की पाणी दुप्पट झाले तर खर्च दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. पाऊणेदोन पटीला तो 28 मीटर झाला. वेशीवर उरले 22. मावशीच्या गच्चीला लागतात 23.

पडद्यावर तो आकडा आला तेव्हा दुपारचे 3 दाखवत होते. बाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

साहेबांकडे जाऊन सांगितले की अहवालाखाली सही माझी आहे, चूक पाईपची नाही, माझी आहे. ते रागावले, आणि त्यांचे बरोबर होते. नंतर दाब वाढवायचा पंप मंजूर झाला, वेशीजवळ बसला, पण तोवर पाऊस सुरू झाला होता. म्हणजे एक आख्खा उन्हाळा त्या चौथ्या मजल्यांनी बाटल्या वाहिल्या.

साहेबांना सांगणे सोपे होते. मावशीला सांगणे कठीण. पुन्हा चार जिने चढलो. म्हटलं, "मावशी, तुमचं पाणी मी घालवलं. कागदावर मी एक तळं काढलं होतं, ते खरं नव्हतं." तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग उठली आणि म्हणाली, "थांब, चहा करते. नळाला असलं तर."

त्या दिवशी नळाला होते.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी कुठलेही मॉडेल तोडताना एक नियम पाळला. शक्यतो टाकीजवळ किंवा मीटरजवळ तोडायचे, जिथे दोन्ही बाजूंचा आकडा खरोखर मोजता येतो. वेशीवर एक आकडा नाही, चोवीस तासांचे चोवीस आकडे द्यायचे. आणि अहवालावर सही करण्यापूर्वी एकदा दोन्ही तुकडे जोडून पाहायचे.

आता काळ बदलला. 2005 साली अश्केलोनला समुद्राचे पाणी गोड करणारा मोठा कारखाना सुरू झाला, मग पाल्माखीम, हदेरा, सोरेक, अश्दोद. जे पाणी उत्तरेकडून यायचे त्यातले पुष्कळ आता पश्चिमेकडून येते. त्यामुळे कितीतरी गावांची जुनी मॉडेले पुन्हा उघडून नव्याने जोडावी लागली. आता नावांपुढे अक्षर लावून देणारे, मापे बदलून देणारे छोटे प्रोग्रामही मिळतात. पण वेशीवर खरे काय आहे, तळे आहे की बारीक पाईप, ते माणसानेच जाऊन पाहावे लागते. समुद्र आटत नाही, पण कारखाना दिवसाला जितके देईल तितकेच.

नातवाने हे सगळे ऐकून विचारले, "मग सबा, चूक कॉम्प्युटरची नव्हती?"

मी म्हटलं, "नाही रे. मी त्याला खोटं सांगितलं, त्याने त्याचा बरोबर हिशोब केला."

त्याने वहीत हिब्रूत काहीतरी लिहिले. मी चष्मा लावून वाचले. लिहिले होते, "माझे सबा पाण्याचे इंजिनिअर होते. एकदा एका आजीला पाणी मिळाले नाही, तेव्हा ते चार जिने चढून सॉरी म्हणायला गेले." बाईंनी खाली बरोबरची खूण केली होती. बाकीचे सगळे, सूत्रे आणि मीटर आणि लिटर, त्याने गाळून टाकले होते.

मावशी आता नाही. तिच्या घरी तिची नात राहते, आणि शुक्रवारी दुपारी नळाला पाणी असते. मी अजून कधी तिकडे गेलो की सवयीने नळ सोडून बघतो.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी गिरणीत काम केलेत, कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी इथे कारखान्यात. तुमच्या नातवंडांना ते सांगा, आणि एखादी चूकही सांगा. ती त्यांच्या जास्त लक्षात राहते.

चूकभूल द्यावी घ्यावी. सर्वांना शालोम.